झाशीची भांडी कुणी घेतली?

ग्वाल्हेरच्या सराफ्यात एका कडुनिंबाच्या झाडाला २२ जून १८५८ या दिवशी अमरचंद बांठियांना फाशी दिलं. आमच्या समाजात हे नाव पाठशाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. बांठिया मूळचे बिकानेरचे, ओसवाल, शिंदे सरकारचे खजांची. बंडवाल्यांसाठी खजिना उघडला, हा त्यांचा गुन्हा. आमचा पंथ वेगळा, ते श्वेतांबर, आम्ही दिगंबर, पण जूनच्या त्या दिवशी पंथ कुणी विचारत नाही.

मागल्या वर्षी मंडळातल्या बायांनी मला सांगितलं, "ताई, या खेपेला तुम्ही बोला." सोबत दोन पानांचं टिपण दिलं, नेहमीचंच. त्यात 'वीर' होतं, 'हौतात्म्य' होतं, 'जैन समाजाची मान उंच' होतं. बांठियांच्या घरात कोण होतं, सकाळी त्यांना कुणी ताट वाढलं, फाशीनंतर त्या घराचं काय झालं, याबद्दल एक ओळ नव्हती. मी टिपण बाजूला ठेवलं आणि कपाटातून गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' काढलं. पंचवीस वर्षांपूर्वी एकदा वाचलं होतं, तेव्हा राणीसाठी वाचलं होतं. या खेपेला वेगळ्याच गोष्टीसाठी वाचलं, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी एक सांगून टाकते. माझं माहेर निपाणीकडचं, सासर लष्करातलं. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर, दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं पुढे शहर झालं ते. इथल्या मराठी घरांची गंमत अशी की राणी लक्ष्मीबाई आमची आणि शिंदेसरकारही आमचे. फूलबागेत राणीची समाधी, तिथून हाकेच्या अंतरावर शिंद्यांचा जयविलास. घरातली पोरं शाळेतून सुभद्राकुमारींची कविता पाठ करून येतात आणि ज्या आजोबांना ती म्हणून दाखवतात त्यांच्या आजोबांनी शिंद्यांच्या दफ्तरात जन्म काढलेला असतो. माझ्या सासूबाई १८५७ ला 'गदर' म्हणायच्या. स्वयंपाकघरात पसारा झाला की "काय गदर मांडलाय गं" हेही त्याच तोंडाने. मला वाटतं, बाईच्या तोंडी तो शब्द बरोबर ठिकाणी बसला होता.

आता पुस्तक. विष्णुभट गोडसे हा पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक, तिशीतला. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल असं कानावर आलं, म्हणून चुलत्याबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला. महूच्या आसपास शिपायांकडून काडतुसांची बातमी कळते, परत फिरा असा सल्लाही मिळतो. हे दोघे फिरत नाहीत, कारण रिकाम्या हाताने घरी जायचं तोंड नाही. पुढे उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त, चित्रकूट. दोनतीनदा नागवला गेला. शेवटी कमाई म्हणून गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन वरसईला पोचला. पुढे २५ वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सगळं लिहून काढलं.

वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं. नाव 'माझा प्रवास अथवा १८५७ च्या बंडाची हकीकत'. 'बंड' हा शब्द बघा. साधारण त्याच सुमाराला लंडनमध्ये बसून सावरकर त्याच घटनेला 'स्वातंत्र्यसमर' असं नाव देत होते. नावांवरून आपल्याकडे पुष्कळ भांडणं झाली, अजून होतात. मला त्या भांडणात फारसा रस नाही. माझं म्हणणं एवढंच की सावरकरांच्या पुस्तकात समर आहे आणि गोडशांच्या पुस्तकात तहान आहे, आणि समराची पुस्तकं आपल्याकडे शंभर आहेत, तहानेचं हे एक.

भटजी पैसे मिळवायला निघालेला माणूस आहे. म्हणून त्याची नजर पैशावर, भांड्यावर, शिध्यावर असते. कुणी किती दिलं, कुठे काय खाल्लं, कंबरेला काय बांधलं, ते कुणी सोडून नेलं. पहिल्या वाचनात मला हे हलकं वाटलं होतं, एवढा इतिहास डोळ्यांपुढे घडतोय आणि हा दक्षिणा मोजतोय! आता वाटतं, मोजणारा होता म्हणूनच त्याला दिसलं. आम्ही व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका. दुकान बंद पडल्याची बातमी आम्हाला धान्याच्या डब्यावरून आधी कळते, पुरुष सांगतात चार दिवसांनी. भटजीचं तसंच आहे. राज्य बुडाल्याचं तो भांड्यांवरून सांगतो.

झाशीची पानं बघा. मार्च १८५८ च्या शेवटी ह्यू रोजने शहराला वेढा घातला, तात्या टोप्यांची कुमक बेतवेकाठी मोडली, एप्रिल लागल्यावर गोरी फौज तट चढून आत आली. इथपर्यंत इतिहासाच्या पुस्तकांतही असतं. पुढचं भटजी सांगतो. लूट कशी पायरीपायरीने झाली ते. आधी सोनं-रुपं. ते संपलं तेव्हा तांब्यापितळेची भांडी. मग कापडचोपड, धान्य, पलंग-खुर्च्या. लुटीतही रांग होती, कुणी आधी, कुणी नंतर, आणि गरीब घराच्या वाट्याला शेवटचे दिवस येतात तेव्हा त्याच्या हंड्याकळशीही सुटत नाहीत. माणसं गवताच्या गंजीत लपली, बायांनी विहिरीत उड्या टाकल्या, ज्या विहिरीचं पाणी प्यायचं तीच भरून गेली. रस्त्यातली प्रेतं एकावर एक रचून जाळली. चुलता-पुतण्या अंधारात जीव मुठीत धरून बसले आणि तिथेही शिपाई आले, कंबरेचं धन गेलं. हे सगळं तो आवाज न चढवता सांगतो. एकही छाती बडवणारं वाक्य नाही. काय गेलं याची यादी करणारा माणूस रडत बसत नाही, यादी चुकेल म्हणून.

एका जागी मात्र त्याचा तोल जातो, राजवाड्यातला ग्रंथसंग्रह फुटतो तिथे. झाशीचं पोथ्यांचं भांडार मोठं होतं, रेशमी बासनांत बांधलेल्या पोथ्या, आणि त्या लुटीत फेकल्या गेल्या. माणसं मेलेली सांगताना न हललेला भटजी इथे हळहळतो. याचा मला आधी राग आला. मग श्रुतपंचमी आठवली. मंदिरातल्या शास्त्रांची वेष्टणं सोडून, पानापानावरची धूळ टिपून पुन्हा बांधताना हात कसा होतो, हे आपल्यापैकी ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. राग गेला म्हणत नाही, कमी झाला.

राणीबद्दल तो काय सांगतो? गडावर असतानाची तिची दिनचर्या, पूजा, घोडेस्वारी, दानधर्म, हे सगळं कौतुकाने. पण मनात राहतं ते काल्पीच्या वाटेवरचं. झाशी गेलेली आहे. पठाणी पोशाखातली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीवर येते. भटजी पाणी काढायला पुढे होतो. ती त्याला अडवते, तुमच्यासारख्या विद्वानाने माझ्यासाठी पाणी शेंदू नये असं सांगते आणि स्वतः दोर धरते. आणि बोलता बोलता ती जो हिशेब करते तो ऐकण्यासारखा आहे. विधवा बाई, पोटाला लागतात ते थोडेसे तांदूळ, एवढ्यात निभावता आलं असतं, असं ती म्हणते. माझ्या ओळखीतली प्रत्येक विधवा हे वाक्य या ना त्या शब्दांत म्हणाली आहे. माझ्या आत्याबाई म्हणायच्या. फरक एवढाच की राणीने ते घोड्यावरून उतरून म्हटलं. पुतळ्यातल्या राणीला तहान नसते, पाठीशी बांधलेलं मूल असतं आणि उगारलेली तलवार. भटजीची राणी दोर ओढते.

आता दोष. भटजीला आपल्या डोळ्यांवरची पट्टी कळत नाही. ब्राह्मणाच्या घराबाहेर काय चाललंय ते त्याला दारातून दिसेल तेवढंच दिसतं. बायांच्या रूपाबद्दल, चालीरीतींबद्दल त्याने ऐकीव गप्पा मीठमसाला लावून दिल्या आहेत. खालच्या जातीच्या बाईवरून झालेल्या गोंधळाची एक हकीकत तर तो अशी चघळतो की पुस्तक मिटावंसं वाटतं. विहिरीत उडी टाकणाऱ्या बायका त्याच्या पानावर घोळक्याने मरतात, एकीचं नाव नाही. सोबत काय गेलं, कढई की कळशी, हे तो नेमकं लिहितो आणि कोण गेलं हे मोघम. भांड्यांवर नाव कोरलेलं असतं, बायकांवर नसतं, एवढं म्हणून पुढे जाते.

दुसरा दोष त्याचा नाही, वैद्यांचा. त्यांनी भटजीची बखर हातात आली तशी छापली नाही. भाषा घासूनपुसून घेतली, मजकूर इकडचा तिकडे केला, इतिहासाची भर घातली. इंग्रजी अमदानी होती, सावधपणा लागणारच होता, हे कबूल. शिवाय त्यांनी मागे लागून लिहून घेतलं नसतं तर आपल्या हाती काहीच नसतं. पण मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली प्रत शेजारी ठेवून वाचा, म्हणजे कळेल. मुळात भटजी अडखळतो, परत मागे जातो, खाण्याच्या आठवणीत रमतो, मधेच घाबरतो. वैद्यांच्या प्रतीत तो नीट कपडे घालून व्याख्यानाला उभा राहिलेला दिसतो. घरात आल्या-गेल्याला सांगण्याची गोष्ट आणि सभेत सांगण्याची गोष्ट यांत जो फरक, तोच.

आणि तोच फरक बांठियांच्या बाबतीत झाला आहे. त्यांना भटजी भेटला नाही. ग्वाल्हेरच्या त्या जूनमध्ये भटजी इथे नव्हता. बांठियांच्या वाट्याला आली ती थेट सभेतली गोष्ट.

तरी तारखा आहेत, त्या ओळीने ठेवून बघू. १ जून १८५८ ला मुरारजवळ जयाजीराव शिंदे बंडवाल्यांना सामोरे गेले. त्यांची स्वतःचीच फौज फिरली. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. ३ जूनला फूलबागेत रावसाहेब पेशव्यांचा दरबार भरला. खजिन्यातून शिपायांचे पगार चुकते झाले. १७-१८ जूनला कोटा की सरायच्या लढाईत राणी पडली. २० जूनला जयाजीराव परत गादीवर. २२ ला बांठिया झाडाला. म्हणजे सगळं राज्य उलटंपालटं होऊन पुन्हा सुलटं व्हायला तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत, आणि त्या तीन आठवड्यांत एका माणसाजवळ किल्ल्या होत्या.

मी व्याख्यानात हेच मांडलं. बंड तलवारीवर चालतं असं आपण पोरांना शिकवतो. ते पगारावर चालतं. झाशीहून, काल्पीहून हरत आलेल्या शिपायाचं घर कुठेतरी अवधमध्ये किंवा बुंदेलखंडात आहे, त्याला चार महिन्यांत दमडी मिळालेली नाही. ग्वाल्हेर हातात येणं म्हणजे किल्ला हातात येणं होतं तसंच गंगाजळी हातात येणं होतं. खजांची हा त्या जूनमधला सगळ्यात मोक्याचा माणूस.

यावर पहिल्या रांगेतून नेहमीचं उत्तर आलं. ते आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. हिंसा चार प्रकारची, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला संकल्पी सोडायची, विरोधी त्याला टळत नाही. तेव्हा बांठियांनी केलं ते धर्माला धरूनच. मी म्हटलं, बायांनो, बांठियांनी हत्यार उचललंच नाही. त्यांचा प्रश्न अहिंसाव्रताचा नव्हताच, अचौर्याचा होता. दुसऱ्याची ठेव त्यांच्याजवळ होती. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दशलक्षणाच्या सातव्या दिवशी भराभर म्हणून टाकतो. त्यात न्यासापहार आहे, ठेव गिळणं, तो सत्याणुव्रताचा अतिचार. आणि अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे. शब्दच असा की कान टवकारावेत. त्या कसोटीवर बांठियांना लावून बघण्याची हिंमत आपल्या टिपणात का नाही? लावलं तर ते पडतील अशी भीती वाटते की काय?

माझ्या मते पडत नाहीत. ठेव त्यांनी घरी नेली नाही. मालक आग्र्याला गेलेला. पगार मागणाऱ्यांत मालकाचीच फौज उभी. शिंद्यांच्या शिपायाचा पगार शिंद्यांच्या खजिन्यातून, यात चोरी कुठली? शिंद्यांच्या बाजूने बघणारा म्हणेल, खजांचीने धन्याच्या हुकमाशिवाय हात लावायचा नव्हता. म्हणू दे. तेही ऐकून घ्यावं, कारण आमच्यापैकी निम्म्या घरांनी त्याच धन्याचं मीठ खाल्लंय. पण हा वाद सभेत व्हायला हवा. 'वीर' म्हटलं की वाद थांबतो, आणि ज्याने एवढ्या अवघड जागी निर्णय घेतला त्याचा निर्णयच आपण पुसून टाकतो. उरतं ते झाड.

मग मी त्यांना भटजीचं लुटीचं वर्णन माझ्या शब्दांत सांगितलं. हॉलमध्ये पंखे चालू होते, जूनचा उकाडा, मागच्या बाया पदराने वारा घेत होत्या. भांड्यांच्या गोष्टीवर सगळ्या गप्प झाल्या. आणि आमच्यातल्या सर्वांत वयस्क काकू, ज्यांचं माहेर सराफ्यातलं, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण गोरा शिपाई पितळेची घागर घेऊन विलायतेला थोडाच जाणार? ती भांडी घेतली कुणी?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून विचार करते आहे. काकूंचा हिशेब चोख आहे. हजारो घरांची तांब्यापितळेची भांडी शिपायाच्या कामाची नाहीत. ती विकली जाणार, आणि विकली जाणार म्हणजे कुणीतरी तागडी धरून बसलेलं असणार. निम्म्या मोलाने, चवथ्या हिश्श्याने. तागडी कुणाच्या हातात असते, हे मी या पुस्तकाच्या वाचकांना सांगायला नको. मी कुणा घराकडे बोट दाखवत नाही, दाखवायला माझ्याकडे काही नाही. पण घरी येऊन सर्वार्थसिद्धी उघडली. पूज्यपाद आमच्याच कर्नाटकातले आचार्य, माहेरच्या माणसासारखे. विरुद्धराज्यातिक्रमाचा अर्थ त्यांनी जो दिलाय त्यात राजाविरुद्ध उठण्याची गोष्टच नाही. राज्य विस्कटलेलं असताना मोलाच्या वस्तू थोडक्यात पदरात पाडून घ्यायची खटपट, हा तो अतिचार. त्याच्या आधीचा, तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेलं घेणं.

म्हणजे सूत्रकारांना बंडाच्या वेळी श्रावकाची काळजी वाटली ती खजिना उघडणाऱ्याची नव्हे, भांडी विकत घेणाऱ्याची. मी चाळीस वर्षं हे सूत्र म्हणते आहे.

या वर्षी टिपण नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. काकूंचा प्रश्न त्यात घालायचा म्हटल्यावर दोघीतिघींनी नाक मुरडलं. "हुतात्म्याच्या दिवशी हे कशाला?" काकू स्वतःच म्हणाल्या, "घाल गं. माझ्या आजीच्या घरात एक घंगाळ होतं, त्यावर कुणा भलत्याच घरचं नाव होतं." त्यावर बाकीच्या हसल्या, काकू हसल्या नाहीत.

पुस्तक वाचायचं असेल त्यांच्यासाठी: वैद्यांची प्रत सहज मिळते, सोपी आहे, सुनांना-लेकींना तीच द्या. स्वतःसाठी मात्र पोतदारांची शोधा. मला ग्वाल्हेरात मिळाली नाही, भाचीने पुण्याहून आणून दिली. जुनं मराठी पहिली दहा पानं अडतं, मग कान सरावतो. झाशीची पानं रात्री वाचू नका.